सव्वा किलोचा लॅपटॉप

आज लातुरात गंजगोलाईजवळच्या दुकानात अ‍ॅपलचा एम-४ चिपचा मॅकबुक एअर अर्धा तास हाताळला. तेरा इंची, १.२४ किलो. एका हातानं उचलला आणि खांद्यावरचं रोजचं ओझं आठवलं. माझा जुना चार्जरसकट तीन किलो भरतो. औसा, निलंगा, उदगीर, एसटीत बातमी लिहिताना तोच मांडीवर. मागच्या मे महिन्यात त्याचा पंखा एवढा घरघरला की मुलाखत थांबवावी लागली. जाळी धुळीनं पार बुजलेली. नव्यात पंखाच नाही! आपल्याकडच्या फुफाट्यात मला हे फार मोलाचं वाटतं. उन्हात जड काम लादलं की तो वेग कमी करतो, तेवढं चालेल.

२०२५ मध्ये आला तेव्हाची किंमत ९९,९०० रुपये. अण्णा लगेच म्हणले, "वीस क्विंटल सोयाबीन झालं की रे बाबा!" २०२४-२५चा हमीभाव, क्विंटलला ४,८९२ रुपये, धरला तर हिशेब साधारण बरोबर आहे. आणि तो भाव तरी आडतीवर कुठं मिळाला आम्हाला?

त्यात स्टोरेज २५६ जीबी, आत नंतर वाढवता येत नाही. माझे व्हिडिओच तेवढे होतात.

आत्ता घेत नाही. आधी पेरणीचं बी-खत होऊ दे, दिवाळीत बघू. जुन्याचा पंखा उद्या साफ करून आणतो.