चार लाख डॉलरचे रस्ते: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातील एका लहान शहराच्या बांधकाम विभागात मी अभियंता होतो, तेव्हाचा हा अनुभव आहे. नोव्हेंबर 2006 मध्ये तेथील मतदारांनी 'प्रपोझिशन 1 बी' हा मतदानासाठी ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला आणि वाहतुकीच्या कामांसाठी सुमारे 19.9 अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढण्याची मुभा राज्याला मिळाली. त्यांतील 2 अब्ज डॉलर स्थानिक रस्त्यांसाठी होते, निम्मे काउंटींना (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आणि निम्मे शहरांना. शहरांमधील वाटप लोकसंख्येनुसार असले तरी कोणत्याही शहराला 4 लाख डॉलरपेक्षा कमी मिळणार नाही, ही तरतूद आमच्यासाठी लाखमोलाची होती. पुणे महानगरपालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे काढले, ते स्वतःच्या नावावर. येथे मात्र कर्ज राज्याचे होते आणि फेडही राज्याच्याच तिजोरीतून व्हायची होती. एवढे रोखे स्वतः काढणे आमच्या शहराला कधीच झेपले नसते.

पैसे हाती येण्याआधी कामांची यादी राज्याच्या वित्त विभागाकडे पाठवायची आणि ती कामे शहराच्या मंजूर अंदाजपत्रकात असायला हवीत, अशी अट होती. कागदपत्रे फार नव्हती. खरा कस लागला तो यादी ठरवताना. सर्वांत खराब रस्ता आधी घ्या, असा रहिवाशांचा आग्रह होता आणि तो मला समजतही होता, परंतु पार उखडलेल्या एका रस्त्याच्या खर्चात नुकत्याच भेगा पडू लागलेले कितीतरी रस्ते वाचवता येतात, हे मी नगर परिषदेच्या दोन बैठकांत आकडे मांडून सांगितले.

अंदाजपत्रक करताना खरी अडचण समोर आली. रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकला, की अपंगांसाठीच्या कायद्यानुसार तेथील प्रत्येक कोपऱ्यावर पदपथावरून उतरण्याचा उतार करून द्यावा लागतो; नुसते स्लरी सील, म्हणजे डांबरमिश्रित पातळ लेप, केले तर ती देखभाल धरली जाते. उतारांचा खर्च धरताच दोन गल्ल्या यादीतून गळाल्या. त्याचे मला वाईट वाटले, तरीही उतार टाळण्यासाठी थर सोडून स्लरी करावी, ही सूचना मी मान्य केली नाही.

डिसेंबर 2008 मध्ये राज्याची तिजोरी रिकामी होत आली आणि रोख्यांवरील कामांचे पैसे थांबवण्यात आले. आमची रक्कम आधीच जमा झाली होती, म्हणून आमचे काम चालू राहिले.

शाळेजवळच्या कोपऱ्यावर विजेचा खांब आणि पाण्याच्या वॉल्व्हचे झाकण यांच्यामध्ये जेमतेम जागा होती. काँक्रीट वाळल्यावर मी डिजिटल लेव्हल ठेवली, तर उतार 9.1 टक्के आला, आणि मर्यादा 8.33 टक्क्यांची होती. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी वर ढकलणाऱ्याला तो जाणवतो. कंत्राटदाराने नाराजीनेच, पण स्वतःच्या खर्चाने तो कोपरा फोडला, झाकण खाली घेतले आणि काँक्रीट पुन्हा ओतले. दुसऱ्या मोजणीत 7.8 टक्के आले, तेव्हा मी त्या बिलावर सही केली.