पांढरा बिल्ला

मी बडोद्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, १९ वर्षं झाली. ग्रंथपाल म्हणजे पगारपत्रकावर, बाकी दिवसभर प्रॉक्सी. कुणी शिक्षक रजेवर असला की आचार्यांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, ऑफिसातून शिपाईभाई चिठ्ठी घेऊन येतो, "बेन, ७-ब", की मी लायब्ररीला कुलूप लावून ७-ब मध्ये. आता कुलूप लावलेल्या लायब्ररीत पोरं येत नाहीत म्हणून वर परत मीटिंगमध्ये विचारणार की वाचन का वाढत नाही. असो, हे रडगाणं सगळ्यांचंच आहे, मला सांगायचंय ते जुलैतल्या एका रविवारचं.

आमची ग्रंथपालांची एक संस्था आहे, नाव नको. दर वर्षी वार्षिक सभा आणि तीन वर्षांनी निवडणूक. प्रमुख, उपप्रमुख, मंत्री (म्हणजे चिटणीस), सहमंत्री, खजानची, कारोबारीचे म्हणजे कार्यकारिणीचे मेंबर. संस्थेत कॉलेजचे, युनिव्हर्सिटीचे, पब्लिक लायब्ररीचे आणि आम्ही शाळेचे, असे सगळेच. पण स्टेजवर बसतात ते कॉलेज-युनिव्हर्सिटीचे, आणि खाली बिल्ले वाटतो, चहाची कुपनं मोजतो, पाहुण्यांना गुलाबाचं फूल देतो ते आम्ही. मी स्वतः ११ वर्षं रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलेय. पावतीपुस्तक माझ्याकडे, सभासदांची यादी माझ्याकडे, कुणाची बदली झाली, कोण रिटायर झालं, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, सगळं मला ठाऊक. पण कारोबारीच्या मीटिंगला मी कधी आत बसलेले नाही, बाहेर पॅसेजमध्ये झेरॉक्स पिनअप करत असायची.

यात कुणाचा कट वगैरे नाही हां. कॉलेजवाल्यांना अशा कामाला ऑन ड्यूटी मिळते, कामाच्या नोंदीत ते दिसतं, त्यांचा विषय कॉन्सोर्टियम, म्हणजे कॉलेजांनी मिळून ऑनलाइन जर्नल्स घ्यायची ती व्यवस्था, आणि सोल, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर, त्यामुळे त्यांची आपापसात ओळख असते. आमचा विषय म्हणजे अ‍ॅक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, फाटलेली पुस्तकं आणि ट्रस्टी विचारतात की एवढी गोष्टीची पुस्तकं कशाला. सभेला यायचं तर आम्हाला सीएल टाकावी लागते. पण खरं सांगायचं तर या ११ वर्षांत शाळेच्या एकानंही कधी फॉर्म भरला नव्हता. दिलं नाही म्हणून ओरडायचं तर आधी मागितलं तर पाहिजे ना.

फॉर्म भरायची कल्पना माझी नाही. दांडियाबाजारात एक ताई राहतात, माझ्या आधीच्या पिढीतल्या, शाळेच्याच ग्रंथपाल होत्या, आता रिटायर. फेब्रुवारीत त्यांच्याबरोबर सेवउसळ खायला गेले होते, त्यांना तिखट तर्री झेपत नाही, तरी वर आणखी मागून घेतात, आणि नाक पुसत पुसत मला म्हणाल्या, "अगं तू सगळ्यांना बिल्ले लावतेस, यंदा इलेक्शन आहे, सहमंत्रीचा फॉर्म भर की." मी हसले. म्हणलं ताई, मला कोण मत देणार. तर म्हणे, "शाळेचे सभासद किती आहेत? चाळीस ना? मग?" त्यांचं गणित बरोबर होतं, फक्त त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती आणि ती गोष्ट मला माहीत होती, त्यांना नव्हती.

मत कुणाला, तर ज्यानं ३१ मार्चपर्यंत वर्गणी भरलीय त्याला. आणि आमच्या चाळीसपैकी भरणारे असतात चौदा-पंधरा. बाकीच्यांचं राहतं. एक तर संस्थेचं पत्र जातं शाळेच्या पत्त्यावर, ते आचार्यांच्या टेबलावर पडून राहतं आणि मे महिन्यात रद्दीत सापडतं. दुसरं म्हणजे आम्हालाच वाटतं की भरू सभेला जाऊ तेव्हा. सभेला आलं की बसू देतात, जेवण मिळतं, मग वर्गणीची घाई कशाला. मत देताच येत नाही हे कुणाला जाणवतही नाही कारण मत द्यावंसं वाटेल असं कुणी उभंच नसतं.

तर फेब्रुवारीत मला हे माहीत होतं. ३१ मार्चला पाच आठवडे बाकी होते. पावतीपुस्तक माझ्या कपाटात. पंचवीस फोन करायचे होते फक्त. नाही केले. रोज रात्री यादी काढायची, पहिल्या नावापाशी यायची आणि वाटायचं की आता हिला फोन करून वर्गणी भर म्हणलं आणि जूनमध्ये माझा फॉर्म आला तर ती म्हणेल, अच्छा, म्हणून फोन होता होय. स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे आपल्याला कससंच होतं. शाळेसाठी मी दुकानदाराशी पाच टक्के डिस्काउंटवरून अर्धा तास भांडते, तिथे काही वाटत नाही. एप्रिलमध्ये खजानचींबरोबर बसून मतदार यादी मीच टाइप केली, शाळेचे सभासद १४. प्रिंट काढली, सही झाली, आणि जूनमध्ये मी फॉर्म भरला! सूचक ताई, कारण त्या आजीव सभासद, अनुमोदक मांडवीतले एक काका, पब्लिक लायब्ररीतून रिटायर झालेले.

त्या रविवारी सकाळपासून पाऊस, फतेगंजच्या बाजूला पाणी भरलेलं, विश्वामित्री नदीतल्या मगरी वर आल्याचे व्हिडिओ सकाळी सातलाच ग्रुपवर. मला वाटलं कोण येतंय. शिवाय शाळेशाळेत कुठल्यातरी भरतीच्या परीक्षेची सेंटरं होती आणि सुपरव्हिजनला पहिलं नाव कुणाचं, तर लायब्ररीच्या बेनचं, त्या फ्री असतात ना. माझी ड्यूटी मी पीटीच्या सरांना गळ घालून बदलून घेतली होती.

उमेदवारानं रजिस्ट्रेशनला बसू नये एवढी अक्कल मला होती, मी खजानचींना तसं म्हणलंही. ते म्हणाले, "तमे नहीं बेसो तो कोण बेसशे?" आणि यावर मला काही उत्तर सुचलं नाही. बसले. बिल्ले दोन रंगांचे, मतदाराला पिवळा आणि बाकीच्यांना पांढरा. ही पद्धत माझीच, तीन वर्षांपूर्वी गोंधळ झाला होता म्हणून मीच काढलेली, तेव्हा सगळ्यांनी वा वा केलं होतं.

आणि शाळेचे लोक यायला लागले. ओल्या छत्र्या, रेनकोट, चपला हातात. दर वर्षी आठ-दहा येतात, त्या दिवशी २६ आले. कारेलीबागेतली माझी मैत्रीण रिक्षा मिळेना म्हणून लेकाच्या स्कूटरवर मागे बसून, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. एक जण पादऱ्याहून आलेली. ती टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, तुमच्यासाठीच आले हं, नाहीतर आज घरी भजी होती." मी यादी बघितली. म्हणजे बघायची गरज नव्हती, यादी मला पाठ होती. पण बोट फिरवत खाली गेले, परत वर आले, आणि तिला पांढरा बिल्ला दिला. तिनं तो ओढणीला लावला, टाचणी लागली बहुतेक, बोट चोखत आत गेली. तिला कळलंच नाही. असे मी १७ पांढरे बिल्ले माझ्या हातानं दिले. पिवळे ९.

कारेलीबागवालीला मात्र कळलं. ती म्हणाली, "हे पांढरं काय? मी मत देणार आहे." म्हणलं वर्गणी. ती म्हणाली, "मग घे की आत्ता", आणि पर्समधून पाचशेची नोट काढली, ओली. म्हणलं ३१ मार्च. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पावतीपुस्तक तुझ्याकडेच आहे ना? टाक तीस मार्च. कोण बघतंय."

मी लगेच नाही म्हणाले असं लिहायला बरं वाटलं असतं. अर्धा मिनिट मी विचार केला. पुस्तक समोर होतं, पेन हातात होतं. मग लक्षात आलं की मार्चची शेवटची पावती आणि एप्रिलची पहिली पावती यांच्यामध्ये कोरी पावती नाही, नंबर सलग आहेत, आणि यादी तर सही होऊन भिंतीवर लागलीय. म्हणजे प्रामाणिकपणा होता तो पावतीपुस्तकाच्या नंबरांचा, माझा किती ते मला माहीत नाही. तिला म्हणलं, नाही गं होत. ती म्हणाली, "मग मार्चमध्ये एक फोन करता येत नव्हता तुला?" आणि आत जाऊन बसली. तिचं खरं होतं. मी पुढचा बिल्ला लिहायला घेतला तर तिचंच नाव परत लिहिलं.

मग भाषणं. प्रत्येक उमेदवाराला तीन मिनिटं. आता बडोद्यात ग्रंथालयावर बोलायचं तर सुरुवात सयाजीराव महाराजांपासून, हा अलिखित नियम आहे, माझं भाषणही तसंच लिहिलेलं, दोन पानं, नवऱ्यासमोर चार वेळा म्हणून दाखवलेलं. पण पहिल्याच उमेदवारानं महाराज घेतले, १९१० साली लायब्ररी उभारायला अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं ते सगळं. दुसऱ्यानं बॉर्डननी सुरू केलेला ग्रंथपालांचा वर्ग घेतला. तिसऱ्यानं मांडवीची सेंट्रल लायब्ररी, तिथले लोखंडी रॅक आणि काचेच्या फरशा. माझ्यासमोर, म्हणजे सहमंत्रीसाठीच, कॉलेजचे एक सर उभे होते, सज्जन माणूस, त्यांना काही उरलं नाही म्हणून त्यांनी ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन यांचे पाच नियम क्रमानं म्हटले, आणि चौथा विसरले. वाचकाचा वेळ वाचवा, हा तो चौथा. सभागृहात खसखस पिकली.

माझी वेळ आली तेव्हा माझ्या कागदावर एक ओळ वाचायच्या लायकीची उरली नव्हती. कागद घडी केला. जे डोक्यात होतं ते बोलले, आणि डोक्यात सकाळपासून वर्गणीच होती. म्हणलं, बॉर्डन सगळ्यांनी सांगितले, पण गावोगाव लायब्ररी निघाल्या त्या कशा, तर गावानं आधी आपला वाटा जमवायचा, मग तितकेच प्रांत पंचायत देणार आणि तितकेच दरबार देणार. तीन सारखे हिस्से. पण पहिला गावाचा. आणि कितीतरी गावांत ती लायब्ररी सांभाळायचा कोण, तर शाळेतला मास्तर. म्हणजे आम्हीच. आम्ही तेव्हापासून आहोत, पाहुणे नाही. पण आज इथे शाळेचे २६ जण आलेत आणि त्यांतल्या १७ जणांच्या छातीवर पांढरा बिल्ला आहे, तो मी लावलाय, आणि मार्चमध्ये मी त्यांना फोन केला असता तर तो पिवळा असता. फोन केला नाही कारण मला स्वतःसाठी मत मागायची लाज वाटली. आता मागते. ज्यांच्याकडे पिवळा आहे त्यांनी द्या.

दोन मिनिटंही झाली नव्हती. खाली बसले तर पाय थरथरत होते. १७ जणांनी आपापल्या बिल्ल्याकडे खाली बघितलं ते मला स्टेजवरून दिसलं होतं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मोजणी झाली जेवणानंतर. एकूण मतं ८४. सरांना ४५, मला ३८, एक बाद. सातनं गेली. शाळेची मतं नऊच होती, म्हणजे उरलेली २९ कॉलेजवाल्यांनी, पब्लिक लायब्ररीवाल्यांनी दिली, आणि मी अकरा वर्षं समजत होते की ते मला फक्त कुपनं मागायला ओळखतात! ताई म्हणाल्या, "सतरातले आठ पिवळे असते तरी पुरलं असतं गं." मला हे गणित नको होतं त्या वेळी, पण ताई अशाच आहेत.

सर स्वतः टेबलाशी आले. म्हणाले, "बेन, तमे तो आपणा ज छो, तुम्ही तर आपल्याच, आपण तुम्हाला कारोबारीत स्वीकृत घेऊ." स्वीकृत म्हणजे खुर्ची मिळते, मत नाही. म्हणजे परत पांढरा बिल्लाच. एरवी मी थँक्यू म्हणून बसले असते. त्या दिवशी विचारलं, मत नसेल तर काम काय देणार? ते गडबडले. मग मी म्हणलं, शाळेच्या ग्रंथपालांची वेगळी उपसमिती करा. मागे मी वाचलं होतं की अमेरिकेत मोठ्या लायब्ररी असोसिएशनमध्ये शालेय ग्रंथपालांचा स्वतंत्र विभाग १९५१ पासून आहे, त्यांचा अध्यक्ष त्यांच्यातलाच निवडून येतो, आणि निवडून आला की पहिलं वर्ष नुसता आधीच्या अध्यक्षाच्या बाजूला राहून काम शिकतो, मग वर्षभर अध्यक्ष. इथे आम्ही कुपनांच्या टेबलावरून थेट माइकसमोर. ते सगळं मी सरांना सांगत बसले नाही, एवढंच म्हणलं की उपसमिती इतिवृत्तात आली पाहिजे, पत्रं शाळेच्या पत्त्यावर न जाता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर गेली पाहिजेत, आणि वर्गणीची आठवण जानेवारीत. सर म्हणाले लिहून द्या. मी तिथेच, उरलेल्या कुपनांच्या मागे, लिहून दिलं. त्यांनी खिशात ठेवलं. इतिवृत्तात येईल तेव्हा खरं.

आणि जाता जाता म्हणाले, "पण पुढच्या वर्षी रजिस्ट्रेशन तर तुम्हीच ना?" मी म्हणलं, बघू.

सोमवारी तिसऱ्या तासाला चिठ्ठी आली, ७-ब. पोरांना पाढे लिहायला लावले आणि खिडकीशी उभी होते तर कारेलीबागवालीचा मेसेज. कालपासून बोलली नव्हती. पाचशेच्या त्याच ओल्या नोटेचा फोटो, इस्त्री केलेली, आणि खाली, "यंदाची आत्ताच घे. पावती आजच्या तारखेची टाक." पावतीपुस्तक पर्समध्येच होतं. मी ७-बच्या टेबलावर कार्बन नीट लावला, आजची तारीख घातली, आणि पावती फाडायच्या आधी यादी उघडून दुसऱ्या नावाला फोन लावला.