ड्रायव्हरकडची काच: तिसरा रविवार

गाडीच्या पुढच्या दारांच्या काचांवर कंपनीतूनच आलेला पाणी झटकणारा थर आता चकत्या-चकत्यांनी उडालाय. जिथं शिल्लक आहे तिथं थेंब गोटीसारखे घरंगळतात, बाकी ठिकाणी पाणी पसरतं. रात्रीच्या पावसात आरशाकडं बघावं तर मागच्या ट्रकचे दिवे फाटलेले दिसतात.

आधी मी याला बोअरच्या पाण्याचे डाग समजलो. लातुरात राहून दुसरं काय सुचणार! व्हिनेगरनं पांढरे क्षार गेले, चकत्या तशाच. पेट्रोल, स्पिरिट, भांड्याचा साबण, सगळं वाया. हे थर बहुधा फ्लोरिनवाल्या सिलेनचे, म्हणजे सिलिकॉनच्या एका रसायनाचे असतात आणि काचेतल्या सिलिकालाच बांधलेले असतात. धुऊन जात नाहीत, घासूनच काढावे लागतात.

म्हणून सिरियम ऑक्साइड, काच घासून चमकवायची बारीक पूड. पाण्यात कालवून पातळ पिठल्याइतकं केलं, ड्रिलला फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा पॅड लावला, वेग कमी. दाराच्या रबराला मास्किंग टेप. मागच्या रविवारी अकरा वाजता उन्हात बसलो ही चूक. लेप दोन मिनिटांत खडखडीत वाळला आणि काच हाताला चटका देईल इतकी तापली. एकाच जागी तापली की काच तडकू शकते. या वेळी सकाळी साडेसहाला, सावलीत, दुसऱ्या हातात पाण्याची फवारणी. पॅड सतत फिरता ठेवला, लेप वाळून गोळा व्हायला लागला की लगेच पाणी.

आई दारातून म्हणाली, "काच पुसायलास का झिजवायलास?" खरं तर दुसरंच.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तपासणी. डोळ्यांना काहीच दिसत नाही. लेप धुवा, वरून पाणी सोडा. पाण्याचा सलग पडदा उतरला तर थर गेला. मध्येच पाणी फाटून बेटं झाली तर तिथं परत. काच थोडी खाली घेऊन वरची कडही करा, मी ती विसरलो होतो.

पुढच्या काचेला मी मशीन लावणार नाही. एका जागी जास्त घासलं की रस्ता लाटांसारखा दिसतो, आणि ती तर समोर बघायची काच. मागच्या काचेच्या आतल्या डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवायच्या तारांनाही हात नाही.

आजचा हिशेब: दीड तास, पाऊण काच. आरशाजवळच्या कोपऱ्यात रुपयाएवढी एक चकती अजून थेंब झटकतेय. तिथं पॅड पोचत नाही. पुढच्या रविवारी फेल्टचा तुकडा बोटाला गुंडाळून हातानंच.