एका सहीचे सहा आठवडे

संशोधनाच्या संमतीपत्रावर, म्हणजे त्या फॉर्मवर, 'सहभागी' या शब्दापुढे सहीची जागा एकच होती, आणि तिथेच माझं घोडं सहा आठवडे पेंड खात बसलं.

प्रबंध मराठीच्या तोंडी चाचणीवर. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांशी दोन परीक्षक मराठीत बोलणार, मी रेकॉर्ड करणार आणि ते संभाषण ओळीओळीने तपासणार. विषय, मार्गदर्शक, मुलं, सगळं आठवड्यात जमलं. मला संमती परीक्षकांचीही हवी होती. कार्यालयाच्या खिडकीतले काका कोंकणीत म्हणाले, परीक्षा मुलाची, मास्तरांची नव्हे, एकच सही हवी: "बाय, परिक्षा भुरग्याची, मास्तराची न्हय. एकूच सही जाय."

मी समजावू लागले. भाषाशिक्षणाचा अभ्यासक लिओ व्हॅन लिअरने 1989 मध्येच विचारलं होतं की तोंडी चाचणीच्या मुलाखतीला संभाषण तरी कसं म्हणायचं. विषय कोणता, कोण कधी बोलणार, सगळं परीक्षकाच्या हातात. 2003 मध्ये भाषाचाचण्यांची अभ्यासक अ‍ॅनी ब्राउनने दाखवलं की एकच उमेदवार दोन परीक्षकांसमोर वेगवेगळ्या कुवतीचा वाटतो. म्हणजे परीक्षकही सहभागीच. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विभागप्रमुखांचं पत्र आणायला सांगितलं. पत्र नेलं, तर फॉर्म बदलायला समिती लागते म्हणे. समितीचे अध्यक्ष रजेवर. मध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. परत गेले तर फाईल सापडेना.

शेवटी वैतागून तोच फॉर्म दुसऱ्यांदा भरला, 'सहभागी' म्हणून परीक्षकांचं नाव घातलं आणि दोन्ही एकत्र टाचून दिले. तिसऱ्या दिवशी शिक्का! तुम्हीही पहिल्याच दिवशी हेच करा, वाद घालू नका.

एवढा हट्ट कशाला, ते रेकॉर्डिंगमध्येच बघा. प्रश्न एकच: (गोव्यातल्या) शिरगावच्या जत्रेबद्दल सांगा. मुलगा गप्प. 1.4 सेकंदांनी पहिले सर कळवळून म्हणाले, "म्हणजे, जाता ना जत्रेला?" उत्तर: "हो, जातो." संपलं. दुसऱ्या बाई मात्र थांबल्या. 3.2 सेकंद. मग तोच मुलगा म्हणाला, "रात्री होमखण पेटयतात... पेटवतात," आणि त्या होमखणाच्या, म्हणजे मोठ्या होळीच्या, निखाऱ्यांवरून धोंड, म्हणजे व्रत केलेले भक्त, कसे जातात ते सलग सांगत सुटला. स्वतःची चूक त्याने स्वतःच दुरुस्त केली. सरांच्या दयाळूपणात ती संधीच मिळाली नव्हती.

म्हणून लिहून काढताना परीक्षकाचे 'हं', 'अच्छा'सुद्धा गाळू नका. संभाषण लिहून काढायची खुणांची पद्धत बसवणाऱ्या गेल जेफरसनच्या पद्धतीत शांतताही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात लिहितात. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगला माझा अख्खा दिवस जायचा.

आणि हो, खोलीतला पंखा बंद करा, घाम आला तरी चालेल. त्या घरघरीत माझी पहिली तीन रेकॉर्डिंगं वाया गेली.