फॅन वाढवला की स्क्रीन बंद

"मेस्त्री, फॅन वाढवलो की टीव्ही जातंय बघा." टीव्ही म्हणजे डॅशबोर्डवरचा मोठा टचस्क्रीन. जुलैच्या पावसात गोव्याहून चोर्ला घाटामार्गे आलेली, केए-२२ पासिंगची एसयूव्ही बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये लागली, ती या तक्रारीवर. ड्रायव्हरने कणकुंबीपासून काचा खाली करून गाडी आणली होती, कारण पुढच्या काचेवर आतून वाफ धरत होती आणि ती घालवायचं बटण डॅशबोर्डवर कुठेच नव्हतं. एसी, फॅन, हवेची दिशा, काचेची वाफ, सगळं स्क्रीनच्या आत. स्टिअरिंगवर चार बटणं, मधे धोक्याच्या दिव्यांचं एक, बाकी डॅशबोर्ड कोरा. शोरूममध्ये अशी गाडी फार देखणी दिसते.

याआधी एका ठिकाणी गाडी दाखवली होती, तिथे पूर्ण स्क्रीन बदला म्हणून सांगितलं होतं. मला ते पटत नव्हतं. स्क्रीन खराब असता तर कधीही गेला असता. हा फॅन वाढवल्यावरच जात होता. म्हणजे करंट वाढला की कुठेतरी व्होल्टेज पडतंय.

बॅटरी इंजिन बंद असताना १२.५, चालू असताना १४.१ व्होल्ट. फ्यूज शाबूत. स्क्रीनच्या मागच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर, कायमचा सप्लाय आणि इग्निशनचा सप्लाय, दोन्ही नीट. इथवर बघून बरेच जण थांबतात आणि "सप्लाय आहे, म्हणजे स्क्रीनच गेला" म्हणतात. अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट, तपासायचा राहतोच. आणि तो तपासायचा तर लोड असतानाच, बंद गाडीत वायर जोडलेली आहे एवढंच सांगणारी मीटरची कंटिन्युइटीची शिट्टी वाजवून नव्हे. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कपलरच्या अर्थ पिनला लावली. फॅन एकवर असताना अर्धा व्होल्ट. फुलवर नेला तसा आकडा तीनच्या वर जाऊन थरथरायला लागला आणि स्क्रीन काळा झाला. हा ड्रॉप, म्हणजे वाटेत पडणारं व्होल्टेज, ०.१ व्होल्टच्या आत हवा, फार तर ०.२.

फुल स्पीडला ब्लोअर वीस अँपिअरच्या आसपास ओढतो. या गाडीत ब्लोअर (एसीचा फॅन), एसी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि स्क्रीन या तिघांचा अर्थ डावीकडे पायाजवळच्या एकाच बोल्टवर आहे. तिथे सांधा खराब, त्यामुळे वीस अँपिअर जायला लागले की तिघांच्याही अर्थवर व्होल्टेज चढायचं आणि त्यांना मिळणारं तेवढं कमी व्हायचं. स्क्रीन आणि मॉड्यूल रिसेट व्हायचे, फॅन आपोआप एकवर यायचा. लोड उतरला की स्क्रीन परत चालू. मग ड्रायव्हर वाफ घालवायला पुन्हा फॅन वाढवायचा. शिवाय प्रत्येक रिसेटनंतर बाहेरची हवा आत घेणारी झडप बंदच राहायची, आतलीच हवा फिरत राहायची. ओल्या कपड्यांतली चार माणसं, बाहेरची हवा बंद. काच दुसरं काय करणार?

पायाजवळचं प्लास्टिक काढलं आणि गालिचा उचलला. खालचा फोम दाबला तर पाणी निथळलं. अर्थचं थिंबल (वायरच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी कडी) हिरवं पडलेलं, वायरचं आवरण तापून तपकिरी झालेलं. पाणी सनरूफचं होतं. सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांतून पाणी खाली सोडणाऱ्या चार नळ्या असतात, पुढच्या दोन काचेशेजारच्या खांबातून उतरतात. पुढच्या डाव्या कोपऱ्यात बाटलीने अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतलं, खाली गाडीबाहेर थेंबही आला नाही. उजवीकडे लगेच आला. नळी पानांच्या चिखलाने तुंबली होती. अशा नळीत कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नये, आतला जोड निसटतो आणि मग पूर्ण छताचं कापड उतरवावं लागतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी वरून सरकवत, अधूनमधून पाणी सोडत साफ केली.

म्हणजे दोन्ही दुखणी एकाच पाण्याची. अर्थ त्याने कुजवला, आणि फोममध्ये साठलेलं तेच पाणी वाफ होऊन काचेवर बसत होतं.

दुरुस्तीला सामान किरकोळ. वायर आत काळी पडलेली, म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली. नवं थिंबल दाबून क्रिंप केलं, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंकची नळी. बोल्टखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. फुल फॅनला ड्रॉप ०.०३. गालिचा मात्र काढून फोम पंख्याखाली सुकवावाच लागतो. वरवर पुसून गाडी दिली की आठवड्यात वास आणि वाफ दोन्ही परत.

एक गोष्ट मला जास्त खटकली. दुरुस्तीआधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या मॉड्यूलना थेट हुकूम देणारं यंत्र, लावून मी झडप बाहेरच्या हवेवर उघडली होती, फॅन एकवरच ठेवून. काच थोड्या वेळात निवळायला लागली. मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही ठीक होते, फक्त त्यांना सांगायची वाट स्क्रीनमधून जात होती आणि दुसरी वाटच ठेवलेली नव्हती. जुन्या बोलेरोत फॅनचा रेझिस्टर जळला तर खालचे स्पीड जातात, पण फुल स्पीड रेझिस्टर टाळून थेट जातो म्हणून चालतो. झडप केबलने ओढली जाते, तिला वीजही लागत नाही. बटणं बिघडत नाहीत असं नाही. आत चहा सांडतो, कॉन्टॅक्ट घासतात, केबल क्लिपमधून सुटते. पण एक बिघडलं की एकच जातं.

हे फक्त आमच्या शेडमधलं मत नव्हे. स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. बटणांच्या २००५ च्या व्होल्व्होत चार कामं दहा सेकंदांत झाली, सर्वांत मागे पडलेल्या टचस्क्रीन गाडीला ४४.६ सेकंद लागले. अमेरिकेत २०२१ मध्ये टेस्लाला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण स्क्रीनमागची मेमरी चिप झिजून मागचा कॅमेरा आणि काचेची वाफ घालवायचे कंट्रोल जाऊ शकत होते. २०२६ पासून गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणारी युरोपातली संस्था युरो एनकॅपही इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापतं. काचेची वाफ त्या यादीत नाही. ती यादी करणाऱ्यांना आषाढात जांबोटीच्या रस्त्याने आणायला हवं.

मालकाने ब्लोअरसाठी वेगळा स्विच बसवायला सांगितला. मी नाही म्हटलं. मॉड्यूलवर चालणाऱ्या ब्लोअरला मधेच वायर कापून स्विच दिला तर मॉड्यूल जायची भीती आणि वॉरंटीही जाते. त्याऐवजी स्टिअरिंगवरच्या चार बटणांतलं एक सेटिंगमधून हवं तसं बांधता येतं, ते पुढच्या काचेच्या वाफेला दिलं. एका दाबात एसी चालू, बाहेरची हवा, फॅन फुल, दिशा काचेकडे. ही सोय बऱ्याच गाड्यांत असते आणि गाण्यांवर वाया जाते. बटण बांधल्यावर रस्त्यावर एकदा दाबून बघायचं, कारण काही गाड्यांत अपडेटनंतर ते पुसलं जातं. आणि सनरूफच्या नळ्या मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी, बाटलीभर पाणी ओतून तपासायच्या.