बाण लागलेला मृग

संक्रांतीला भाचरं गावी आली की जेवणं उरकून मी त्यांना गच्चीवर नेतो. सतरंजी अंथरायची, मोबाइल खालीच ठेवून यायचे, बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधायचा. एवढी तयारी केली तरी उजेडातून वर आल्या आल्या फारसं काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला चांगली वीसेक मिनिटं लागतात, आणि आठ वर्षांच्या पोराला वीस मिनिटं गप्प पाडून ठेवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. मला तर वाटतं, आकाशातल्या गोष्टी या वीस मिनिटांसाठीच जन्माला आल्या असाव्यात.

सुरुवात मृगापासून. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, आणि पोटात ओळीने तीन तारे, तो बाण. ऐतरेय ब्राह्मणात या बाणाला त्रिकांड, म्हणजे तीन पेऱ्यांचा, म्हटलं आहे. बाणाची रेघ खाली वाढवली की लखलखणारा व्याध. तीच वर नेली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पलीकडे कृत्तिकांचा पुंजका. मारणारा, बाण, हरीण आणि जिच्यामागे ते धावत होतं ती, सगळे एका रेषेत. "नेम भारी आहे," धाकट्याने पावती दिली.

"पण मामा, मारलं का त्याला?"

इथे माझी पंचाईत होते. मूळ कथेत प्रजापती आपल्याच मुलीच्या मागे लागतो, हे पोरांना कसं सांगायचं? "तो रोहिणीला त्रास देत होता," मी म्हटलं.

"मग टीचरना सांगायचं. डायरेक्ट बाण?"

ग्रीकांची अडचण वेगळी. त्यांनी याच ताऱ्यांत शिकारी पाहिला, आपल्या बाणाचा त्याला कमरपट्टा केला. आपलं सावज ते त्यांचा शिकारी! हे पोरांना फार आवडलं.

मग कृत्तिका मोजायची पैज. थोरलीला सहा दिसल्या, धाकट्याला अर्थातच अकरा. सप्तर्षींच्या सात बायकांपैकी सहा जणी कार्तिकेयाच्या आया होऊन इकडे आल्या, सातवी अरुंधती वसिष्ठांपाशीच राहिली. ती दाखवायची होती, पण ते जोडपं उगवायला दहा वाजून जाणार होते आणि खालून ताईच्या हाका सुरू झाल्या होत्या.

सतरंजीची घडी घालताना थोरलीने विचारलं, "आजोबा तर म्हणतात मृग जूनमध्ये लागतो. मग हा आत्ता कसा?"

खरं सांगतो, माझ्या लहानपणी हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पाण्याची टाकी सूर्य, धाकटा पृथ्वी, जिन्याचा कठडा मृग, असा खेळ मांडून दाखवलं: ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणून मृग 'लागला' म्हणायचं. तेव्हा तो सूर्याबरोबर दिवसाच उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. दिसणार कसा?

पृथ्वीने टाकीआडून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे तेव्हा तो सूर्याच्या मागे लपतो?"

"असं म्हण हवं तर."

"बाणासकट?"