तुम्ही विचारलंत म्हणून: टिकणारी म्हणजे कशी टिकणारी?

मी बॅटरीच्या अ‍ॅनोडवर काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "जास्त टिकणारी बॅटरी कधी येणार?" मग मीच उलट विचारते, टिकणारी म्हणजे कशी? सकाळी चार्ज केलेला फोन रात्रीपर्यंत पुरावा, की आज घेतलेल्या फोनची बॅटरी पाच वर्षांनीही तशीच चालावी? माणसं क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "दोन्ही." मागणी अगदी रास्त आहे. पण अ‍ॅनोडच्या आत या दोन टिकण्यांचं आपसांत पटत नाही. माझं काम बहुतेक त्यांच्यात तडजोड घडवण्याचंच आहे.

अ‍ॅनोड म्हणजे चार्ज होताना लिथियम जिथे जाऊन बसतं ती बाजू. आज बहुतेक बॅटऱ्यांत तो ग्राफाइटचा असतो, पेन्सिलीत असतं तेच. तांब्याच्या पातळ पत्र्यावर त्याचा लेप दिलेला असतो. ग्राफाइटला वहीसारखी पानं असतात आणि लिथियम त्या पानांमध्ये शिरतं. पूर्ण चार्ज झालेला सेल मी पहिल्यांदा उघडला तो क्षण मला लख्ख आठवतो. आर्गॉन वायू भरलेल्या काचेच्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून, मी तो पत्रा उलगडला. लावताना काळाकुट्ट असलेला लेप सोनेरी झाला होता. अर्धवट चार्ज झालेला असता तर तांबूस दिसला असता. दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसलं की ग्राफाइटला हा रंग येतो, आणि तिथेच त्याची जागा संपते. एका ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास (साठवलेल्या विजेचं माप), याहून जास्त त्यात मावत नाही.

खरी गोष्ट मात्र त्या लेपावरच्या सायीची आहे. ग्राफाइटमध्ये लिथियम शिरतं त्या विद्युतदाबाला आतला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, तग धरू शकत नाही. तो पहिल्याच चार्जला थोडासा विघटित होतो आणि अ‍ॅनोडच्या कणांवर काही नॅनोमीटर जाडीची साय धरते. थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. पण एकदा ती नीट धरली की पुढचं विघटन जवळपास थांबतं. लिथियमला ती वाट देते, द्रवाला अडवते. संशोधक इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या थराची कल्पना मांडली. आम्ही त्याला एसईआय (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज) म्हणतो.

ही साय किती निर्णायक आहे ते बघा. ग्राफाइट हाताशी असूनही बरीच वर्षं अशा बॅटरीत चालत नव्हतं, कारण तेव्हाचा नेहमीचा द्रव, प्रॉपिलीन कार्बोनेट, पानांमध्ये घुसून ती सोलून काढायचा. इथिलीन कार्बोनेटचा रेणू त्याच्यासारखाच, फक्त एक मिथाइल गट कमी. त्यात मात्र साय घट्ट धरते आणि ग्राफाइट शाबूत राहतं. संशोधक जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो: अडलं होतं ग्राफाइटपाशी, आणि उपाय निघाला त्याच्यावरच्या थरात.

आता सिलिकॉनकडे येते, कारण बातम्यांत तेच असतं. एका ग्रॅममागे साधारण ३,६०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ग्राफाइटच्या जवळपास दहापट. वाळूतून मिळणारं, विपुल. मग अडलंय कुठे? लिथियम घेताना ग्राफाइट दहा टक्क्यांच्या आसपास फुगतं. सिलिकॉन जवळजवळ चौपट होतं. डिस्चार्ज होताना पुन्हा आक्रसतं. प्रत्येक वेळी कणाला तडे जातात, आतला कोरा भाग उघडा पडतो, त्याच्यावर नवी साय धरते आणि ती आणखी लिथियम खाते. काही डझन वेळा चार्ज-डिस्चार्ज केलेला सिलिकॉनचा लेप मी चिमट्याने उचलायला गेले, तर तो वाळलेल्या चिखलासारखा पापुद्र्यांनी सुटून आला. खाली नुसतं तांबं.

इथे थोडी आकडेमोड करावी लागते. दर फेरीत, म्हणजे एका चार्ज-डिस्चार्जमध्ये, हजारातलं एकच लिथियम वाया गेलं, म्हणजे ९९.९ टक्के परत आलं, तर ऐकायला उत्तम वाटतं. पण लिथियम मोजकंच असतं, आणि या हिशेबाने हजार फेऱ्यांनंतर त्यातलं जेमतेम ३७ टक्के उरतं. तेच ९९.९९ टक्के परत आलं तर ९० टक्के उरतं. आमची सगळी मेहनत त्या शेवटच्या नऊसाठी असते.

कण बारीक केले की तडे टळतात. साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान सिलिकॉनचा कण फुगूनही फुटत नाही. २००८ मध्ये संशोधक यी चुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारा, म्हणजे अतिसूक्ष्म तारा, वापरून फुगायला जागा कशी ठेवता येते ते दाखवलं, आणि या क्षेत्रात नवा उत्साह आला. पण कण जितका बारीक तितका एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणजे साय जास्त, लिथियमचा खर्चही जास्त. म्हणून नुसत्या बारीकपणाने भागत नाही. कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ बदलावा लागतो. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लासारखा, जो सिलिकॉनला घट्ट बिलगतो. द्रवात थोडं फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट घातलं की साय अधिक चिवट होते. आणि बाजारातल्या सेलमध्ये सहसा ग्राफाइटमध्येच थोडं सिलिकॉन किंवा त्याचं ऑक्साइड मिसळतात. काही जणांना ही माघार वाटते. मला तो शहाणपणा वाटतो.

दुसऱ्या टोकाला लिथियम टिटॅनेट हा अ‍ॅनोडचाच आणखी एक पदार्थ आहे. ते जवळजवळ फुगतच नाही आणि हजारो फेऱ्या सहज काढतं. पण एका ग्रॅममागे १७५ मिलिअँपिअर-तास एवढंच, शिवाय सेलचा व्होल्टेजही उतरतो. म्हणजे वर्षं भरपूर, पण एका चार्जचा पल्ला तोकडा.

राहिला "कधी" हा शब्द. फेऱ्या वेगाने मोजता येतात. दिवसरात्र सेल चालवला की काही महिन्यांत हजार होतात. पण साय बॅटरी नुसती पडून असतानाही वाढते, विशेषतः सेल पूर्ण भरलेला आणि गरम असेल तर, आणि सिलिकॉनवर ती अधिक अस्थिर असते. हजार फेऱ्या काढणारा सेल दहा वर्षं टिकेल की नाही, हे फेऱ्या सांगत नाहीत. उष्णता वाढवून वय लवकर आणता येतं, पण गरम सेलमध्ये जे बिघडतं तेच साध्या तापमानाला बिघडेल याची खात्री नसते. म्हणून माझे काही सेल ४५ अंशांच्या कपाटात, पूर्ण चार्ज करून ठेवलेले आहेत, आणि त्यांचेच जुळे बाहेर साध्या तापमानाला. महिन्यातून एकदा दोन्हींची क्षमता मोजते, वहीत टिपते आणि परत ठेवते.